चौथ्या मजल्याचं बटण

अडतीस वर्षं त्यांनी लिफ्टचं काम केलं. लिफ्ट बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची आणि अडकली की आतली माणसं बाहेर काढायची. पहिली दोन कामं पोटासाठी, खरं काम तिसरंच, असं ते स्वतः सांगायचे. वसाहतीत सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. निवृत्तीनंतर माणसाला नुसतं 'आजोबा' करून टाकतात याचा त्यांना मनस्वी राग होता.

बायको पहिलीच्या वर्गाची शिक्षिका. एकतीस वर्षं एकाच शाळेत. गावातली निम्मी माणसं तिला बाई म्हणत, म्हणून लग्नानंतर लिफ्टवाल्यांनीही थट्टेनं बाई म्हणायला सुरुवात केली, अहोजाहोसकट. थट्टा कधीच संपली, बाई आणि अहोजाहो तेवढं राहिलं.

समुद्रकाठच्या या वसाहतीत त्यांना आणलं ते लेकीनं आणि जावयानं. दोघंही भली माणसं, म्हणून तर वाद घालता आला नाही. "बाबा, समुद्र दिसेल. डॉक्टर दारात, जेवण ताटात. आणखी काय हवं?" लेक म्हणाली. आणखी काय हवं, हे लिफ्टवाल्यांना सुचलं तेव्हा जुनं घर विकून झालं होतं. सामान बांधताना लेकीनं त्यांची हत्यारांची पेटी भंगारात घातली. एक स्क्रूड्रायव्हर, एक टेस्टर आणि एक पक्कड तेवढी त्यांनी मोज्यांत गुंडाळून चोरासारखी इथं आणली.

चार मजली इमारती, प्रत्येकीला पांढरा रंग आणि दर वर्षी त्या रंगावर खाऱ्या हवेचे पोपडे. यांचं घर सगळ्यात वर, चौथ्या मजल्यावर. त्या मजल्यावर घरं दोनच आणि समोरचं थंडीपासून रिकामं. न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगाशी ओढायला लाल दोरी, आणि समुद्र दाखवणारी मोठी खिडकी, जी सुरक्षेसाठी चार बोटंच उघडायची. त्या चार बोटांतून वारा यायचा, लाटांचा आवाज यायचा, माणसाला फक्त तोंड काही बाहेर काढता यायचं नाही. पहिल्या दिवशी लिफ्टवाल्यांनी खिडकीचा अडसर बघितला आणि म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे." बाई म्हणाल्या, "हात लावाल तर बघा." तेव्हा बाई शाबूत होत्या.

सगळ्यांत मागे, झाडांच्या आड, एक बैठी इमारत होती. तिला वसाहतीत मागची इमारत एवढंच म्हणत आणि तेही आवाज उतरवून. ज्यांचं डोकं साथ देईनासं होतं ती माणसं तिथं जात. दाराला आकड्यांचं कुलूप. भेटायची वेळ चार ते सहा. तिथं गेलेलं माणूस परत आपल्या घरात राहायला आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

बाईंचं विसरणं दुसऱ्या वर्षी सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग दिवस. लिफ्टवाले सांभाळून घेत राहिले. जेवणघरात कोणी बाईंना काही विचारलं की त्याचं उत्तर स्वतःच द्यायचे. लोक हसायचे, "बायकोला बोलू तरी देत जा." हेही हसायचे. रविवारी लेकीचा फोन यायचा, "बाबा, आईला द्या ना." "अंघोळीला गेलीय," हे ठरलेलं उत्तर. वर्षभरात बाईंच्या इतक्या अंघोळी झाल्या की लेक एकदा म्हणाली, "आईला काही त्वचेचा त्रास आहे का?"

मग एका सकाळी हे दाढी करत असताना बाई निघाल्या. खांद्याला पर्स, हातात वहीऐवजी दिनदर्शिका. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं तर म्हणाल्या, "घंटा व्हायची वेळ झाली." त्यानं नोंदवहीत लिहून ठेवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा गेल्या, त्या वेळी मागच्या पायवाटेनं, आणि सापडल्या त्या समुद्राच्या बांधावर, पायऱ्या संपतात तिथं, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. शाळेचा रस्ता सापडत नाही म्हणून रडत होत्या. लिफ्टवाल्यांनी त्यांना आणलं, पाय पुसले, कोरडे मोजे घातले आणि कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या नोंदीला डॉक्टर तपासणीला बोलावतात, हा नियम त्यांना पाठ होता. ही एक नोंदवहीत चढली नव्हती, एवढंच नशीब.

आता करायचं काय? घराला कुलूप लावायची सोय नाही. आगीच्या नियमानं दारं आतून नुसत्या मुठीनं उघडत. फिरायला जाणं त्यांनी बंद केलं. बंदराच्या भिंतीपर्यंत रोज सकाळी जायचे, थर्मासमधला चहा तिथं बसून प्यायचे, ते संपलं. अंघोळ करायची तर न्हाणीघराचं दार उघडं टाकून. झोप म्हणजे एक डोळा मिटायचा. बाईंना कोंडायचं नाही म्हणता म्हणता ते स्वतः कोंडले गेले, आणि तरीही धाकधूक जाईना. एका दुपारी पॅसेजमध्ये उभे राहून त्यांनी लिफ्टच्या बटणाकडे पाहिलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्याला काहीतरी येतं याची आठवण झाली.

काम छोटं होतं. बटणाची पट्टी उघडली, आत खालच्या कडेला दाबायचा बारीक स्विच बसवला, कोणाचं बोट सहज जाणार नाही अशा जागी. डाव्या अंगठ्यानं तो दाबून धरून उजव्या हातानं बटण दाबलं तरच निरोप वरच्या मशीनपर्यंत जायचा. नुसतं बटण दाबलं तर काही नाही. बटणातला लाल दिवा मात्र त्यांनी चालू ठेवला. दाबलं की तो लागायचा, म्हणजे बाईंना वाटावं, येतेय लिफ्ट. जिन्याचं दार आधीच जड होतं, त्याच्या स्प्रिंगला दोन आटे आणखी दिले. सगळं करून पट्टी पुसली आणि लांब उभं राहून बघितलं. काम देखणं झालं होतं, आणि त्यांना त्याचा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

चार महिने बिनघोर गेले. बाई बाहेर जायच्या, बटण दाबायच्या, थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि कशासाठी उभ्या आहोत ते विसरून घरात यायच्या. लिफ्टवाले परत बंदराच्या भिंतीपर्यंत जाऊ लागले. अर्धा तासच, पण जाऊ लागले. एक कटकट होती. झाडणारी बाई, औषधं आणणारा, जो कोणी वर येईल त्याला खाली पाठवायला लिफ्टपर्यंत जावं लागायचं, पाठ आड करून दोन्ही हातांनी बटण दाबावं लागायचं. पाहुण्याला दारापर्यंत सोडायला कधी न उठणारा हा माणूस आता झाडणारीलाही निरोप द्यायला येतो, याची वसाहतीत चर्चा झाली. समुद्राची हवा मानवली म्हणाले.

पकडले गेले ते अंघोळीमुळेच. ऑफिसच्या मॅडम समोरचं रिकामं घर दाखवायला एका जोडप्याला घेऊन वर आल्या. घर दाखवून झालं, समुद्राचं कौतुक झालं, आणि मॅडमनी बटण दाबलं. दिवा लागला. लिफ्ट येईना. पुन्हा दाबलं. जिन्याचं दार ओढून पाहिलं, ते हलेना. वीस मिनिटं तिघंही पॅसेजमध्ये. मॅडम सुविधांची माहिती दुसऱ्यांदा सांगत होत्या. तेवढ्यात बाई दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "इथून लिफ्ट कधीच येत नाही. मी रोज बघते."

लिफ्टवाले साबणाच्या अंगानं, पंचा गुंडाळून धावत आले. "जोर लावून दाबावं लागतं," म्हणत त्यांनी पाठ आड केली आणि लिफ्ट आली. पण जोडप्यानं घर घेतलं नाही, आणि मॅडमनी दुसऱ्याच दिवशी कंपनीचा माणूस बोलावला.

आला तो डावखुऱ्या. बावीस वर्षांपूर्वी लिफ्टवाल्यांच्या हाताखाली शिकलेला, डाव्या हातानं पाना धरायचा म्हणून हे नाव त्यांनीच पाडलेलं. आता केस पिकलेले, पोट सुटलेलं, कंपनीत मोठा फोरमन. उस्तादांना बघून त्यानं वाकून पाय धरले. लिफ्टवाल्यांनी त्याला उठवलं आणि बटणाकडे न बघता घरात नेलं. चहा घेतला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि मग डावखुऱ्यानं पॅसेजमध्ये बसकण मारून बटणाची पट्टी उघडली.

त्यानं बोटानं तार उचलून पाहिली. मग आत बघतच म्हणाला, "तारेला दीड वेढा. टोक आत वळवलेलं."

लिफ्टवाल्यांनी घराचं दार ओढून घेतलं.

"असा दीड वेढा मी सोडून एकच माणूस घालतो, उस्ताद. आणि मी इथं आज पहिल्यांदा येतोय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शाळेची घंटा, बांध, भिजलेले पाय, मागची इमारत. घाईघाईनं, खालच्या आवाजात, कारण आत बाई रेडिओ ऐकत होत्या. डावखुऱ्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"आग लागली तर?" त्यानं विचारलं.

"मी आहे ना घरात."

"तुम्ही बंदरावर जाता. पहारेकऱ्यानं मला सांगितलं."

आत माणूस आहे तोवर लिफ्ट सोडून चहालाही जायचं नाही, हे डावखुऱ्याला कोणी शिकवलं होतं? त्यासाठी त्याच्या कानाखाली आवाजही काढला होता एकदा. डावखुऱ्यानं ती आठवण काढली नाही, एवढं त्याचं मोठेपण.

त्यानं बटण पट्टीतून सोडवलं आणि उस्तादांच्या तळहातावर ठेवलं. "हे बघा. आता येताना मी दुसऱ्या मजल्याचंही बघितलं. तिथं सहा घरं आहेत. ते कोरं आहे."

हातातलं बटण मधोमध झिजून पांढरं पडलं होतं. बाणाची खूण पुसली गेली होती. कडेला प्लास्टिकला बारीक खळगा पडला होता, एका बोटाच्या टोकाएवढा. लिफ्टवाल्यांनी आयुष्यात हजारो बटणं बदलली होती. मोठ्या दुकानात, दवाखान्यात, इतकं झिजायला किती हात लागतात आणि किती वर्षं लागतात, हे त्यांना नीट माहीत होतं. इथं चार महिने आणि एक बोट. ते बंदराच्या भिंतीवर चहा पीत होते, न्हाणीघरात होते, दुपारी डोळा लागला होता, त्या प्रत्येक वेळी ती इथं उभी होती. लाल दिव्याकडे बघत. थोडा वेळ उभी राहते आणि विसरते, असं ते समजत होते. ती विसरत नव्हती. ती परत परत येत होती.

ते खाली बसले, थेट फरशीवर. डावखुऱ्यानं स्विच काढून खिशात टाकला, नवं बटण बसवलं, स्प्रिंगचे आटे सोडले. "खाऱ्या हवेनं तार गंजली होती, असं लिहितो," तो म्हणाला. "पण परत हे करू नका, उस्ताद. तुम्हाला शोभत नाही."

त्यानंतर तीन दिवस लिफ्टवाले पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले. जेवणाची ताटं वर मागवली. बाई आल्या की म्हणायचे, "आज रविवार आहे, बाई. शाळा नाही." सलग तीन रविवार झाले. चौथ्या दिवशी खुर्चीतच त्यांचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा लिफ्ट खाली गेलेली होती.

ते जिन्यानं उतरले, वयाचं भान न ठेवता. बाई सापडल्या जेवणघरात. नाश्त्याची वेळ, तीस-पस्तीस म्हातारी माणसं टेबलांवर, आणि बाई पुढे उभ्या राहून हजेरी घेत होत्या. "सात नंबर?" निवृत्त बँक मॅनेजर चमचा खाली ठेवून म्हणाले, "हजर." "आठ?" कोपऱ्यातल्या नर्सबाईंनी हात वर केला. कोणी हसत नव्हतं. कोणी थट्टा करत नव्हतं. "नऊ नंबर बोलतोय मागे. उभा राहा," बाई म्हणाल्या, आणि नव्वदीचे एक कर्नल काठी टेकत खरोखर उभे राहिले. बाईंचा चेहरा उजळला होता. असा उजळलेला चेहरा लिफ्टवाल्यांनी वर्षभरात पाहिला नव्हता. दाराशी मॅडम उभ्या होत्या आणि त्यांनीही तो पाहिला.

"शुक्रवारी डॉक्टर बघतील," मॅडम म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांनी लिफ्टवाल्यांना ऑफिसात बसवून पाणी दिलं.

"मागे गेली की मी कधी भेटायचं?"

"चार ते सहा."

"आणि रात्री ती उठली तर? तिला माझा आवाज लागतो."

"तिथं माणसं असतात, काका."

"दोघांना एकत्र नाही राहता येत?"

"दोघांची खोली आहे मागे," मॅडम म्हणाल्या. "पण ती दोघांचंही तसं असेल तर. धडधाकट माणसाला आम्ही तिथं ठेवू शकत नाही."

लिफ्टवाले वर आले ते ठरवूनच. शुक्रवारपर्यंत त्यांनी आरशासमोर विसरण्याची तालीम केली. अवघड होतं. ज्या माणसाला बेचाळीस इमारतींच्या लिफ्टचे दोर किती जाडीचे ते पाठ होतं, त्याला स्वतःचं वय विसरायचं होतं. बाईंकडे बघून त्यांनी धडे घेतले. उत्तर येत नसेल तर आधी हसायचं. मग खिडकीकडे बघायचं. मग विचारणाऱ्यावरच चिडायचं. त्या दाराच्या आत गेलं की बंदर संपलं, चहा संपला, लिफ्टही संपली, हे त्यांना कळत होतं. त्यांना भीती वाटत होती. पण चार ते सहाची भीती जास्त होती.

शुक्रवारी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. डॉक्टर चाळिशीचे, मऊ आवाजाचे. "दोघांनाही विचारा," असं लिफ्टवाल्यांनीच मागून घेतलं होतं. "माझंही हल्ली काही खरं नाही," म्हणाले होते.

आधी बाई. आज वार कोणता? बाई हसल्या. वर्ष कोणतं? बाईंनी खिडकीकडे पाहिलं. आपण कितव्या मजल्यावर राहता? बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, दोन वर्षं पाहत होत्या तसं, उत्तरासाठी. उत्तर लिफ्टवाल्यांच्या जिभेवर होतं. त्यांनी दात घट्ट आवळले. शंभरातून सात वजा करा. "मी पहिलीला शिकवते," बाई जरा रागानं म्हणाल्या, "वजाबाकी तिसऱ्या महिन्यात." डॉक्टरांनी नम्रपणे मान डोलावली आणि कागदावर लिहिलं. बाईंना कळलं की आपल्याला काही येत नाहीये. त्यांचे खांदे पडले. पर्सची चेन त्या उघडू-लावू लागल्या.

मग डॉक्टर लिफ्टवाल्यांकडे वळले. वार? लिफ्टवाले हसले. वर्ष? खिडकीकडे पाहिलं. काम चोख चाललं होतं. डॉक्टरांनी भुवई उचलली आणि लिहिलं.

"बरं, काका, तुम्ही नोकरी काय करत होता?"

लिफ्टवाल्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नोकरी," ते म्हणाले. "असेल काहीतरी. कारकुनी असावी. आठवत नाही."

"अहो," बाई म्हणाल्या.

पर्स बाजूला ठेवून त्या पूर्ण वळून बसल्या. आवाज शाळेतला होता, स्पष्ट आणि ठाम. "कारकुनी काय म्हणता? तुम्ही लिफ्टवाले. माणसं अडकली की तुम्ही बाहेर काढायचात. एकदा ताट तसंच टाकून गेला होतात, पावसात. ती बाई पोटुशी होती आणि तुम्ही तिला काढलंत." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "हो ना? बरोबर आहे ना माझं?"

डॉक्टरांनी पेन थांबवलं. बाईंच्या चेहऱ्यावर जेवणघरातला तोच उजेड आला होता. तासाभरात हे पहिलंच उत्तर त्यांना आलं होतं, आणि शाबासकीसाठी त्या कधी डॉक्टरांकडे, कधी नवऱ्याकडे बघत होत्या.

"काका," डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे का ते?"

लिफ्टवाल्यांना फक्त नाही म्हणायचं होतं. नाही, तिला काही आठवत नाही, मी कारकून होतो. एवढं म्हटलं की दोघांची खोली. बाई त्यांच्याकडे बघत होत्या, मान जराशी पुढे, श्वास धरून.

"बरोबर आहे," लिफ्टवाले म्हणाले. "बाईंचं अगदी बरोबर आहे."

बाई सुखानं मागे टेकून बसल्या. डॉक्टरांनी लिफ्टवाल्यांच्या कागदावरची आधीची दोन्ही उत्तरं खोडली आणि नव्यानं लिहायला घेतलं.